कंपनी पाहावी बंद करून

नवसाचे विषय आमच्या घराण्यात ठरलेले आहेत. पोरगा पास होऊ दे, पोरीचं जमू दे, म्हैस सुखरूप विऊ दे. पोखर्णीचा नृसिंह आमचा कुळस्वामी. चार पिढ्यांत त्याच्याकडे याहून वेगळा अर्ज कोणी नेल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे २०२५ च्या वैशाखात लंडनचा पुतण्या परभणीला आला आणि म्हणाला, "काका, पोखर्णीला जायचंय, नवस फेडायचाय, माझी कंपनी बंद झाली," तेव्हा घर एकदम गप्प झालं. आमच्या हिने गॅस बारीक केला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, त्याची आत्या. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे बाळा. जिवाला लावून घेऊ नको. पोटापुरतं शेत हाय आपलं."

संध्याकाळपर्यंत गल्लीतली तीन माणसं भेटून गेली. त्यांतल्या एकाने तर 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमचं ब्रीदवाक्य ऐकवून परतीचा सल्लाही दिला. पुतण्या कळवळून सांगत होता, "अहो, बंद पडली नाही. मी बंद केली!" पण मराठीत ही सोयच नाही. गिरणी बंद पडते, पतपेढी बंद पडते, पंखा बंद पडतो. बंद करायच्या गोष्टी म्हणजे नळ, दार आणि जास्त बोलणाऱ्याचं तोंड. चांगली चाललेली, गल्ल्यात पैसा असलेली, कोणाचं एक पैचं देणं नसलेली कंपनी कोणी आपण होऊन बंद करतो, हे आमच्या भाषेला मान्य नाही.

"कंपनीत माणसं किती होती रे?" अक्काने विचारलं.

"एक."

"कोण?"

"मीच."

"अन् मालक?"

"तोही मीच."

"मंग भांडण कोणाशी झालं?"

आता इथे थोडं सांगायला हवं. विलायतेत संगणकाची कामं करणारे आपले पुष्कळ लोक नोकरी करत नाहीत, कंत्राटावर असतात. प्रत्येकाची स्वतःची एक लिमिटेड कंपनी. जिचं काम करायचं ती बँक त्या कंपनीला पैसे देते, आणि कंपनी याला, म्हणजे तो स्वतःला, थोडा पगार आणि थोडा लाभांश देते. बायको चिटणीस, पत्ता राहत्या घराचा. सभा भरते ती स्वयंपाकघरात, आणि इतिवृत्तात दूध संपल्याची नोंद तेवढी नसते.

हा नोकर की धंदेवाईक, असा प्रश्न तिथल्या करखात्याला १९९९ पासून पडला आहे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाबरोबर निघालेल्या एका पत्रकाच्या क्रमांकावरून त्या नियमाला आयआर-३५ म्हणतात. एप्रिल २०२१ पासून तिथल्या खासगी क्षेत्रातल्या मोठ्या आणि मध्यम कंपन्यांवरच जबाबदारी टाकली, की तुमच्याकडे येणारा नोकर आहे की नाही हे तुम्हीच ठरवा. मोठ्या कंपन्या सावध. संशय नकोच म्हणून त्यांनी बहुतेकांना नोकर ठरवून टाकलं. आमच्या पुतण्याने तीन वर्षं इकडे-तिकडे तग धरला आणि शेवटी नोकरी पत्करली. कंपनी उरली ती रिकामी. रिकामी म्हणजे काम नसलेली. तिच्या खात्यात एक लाख पौंड होते.

हा पैसा त्याचाच. पण कायद्याने तो कंपनीचा, आणि हा कंपनीच्या बाहेरचा. म्हणजे स्वतःच्या खिशातला पैसा स्वतःच्या दुसऱ्या खिशात आणायचा आणि मध्ये सरकारचा जकातनाका. आणि जकात किती, हे कुठल्या दाराने आणलात त्यावर. लाभांशाच्या दाराने आणला तर त्याच्या मिळकतीच्या माणसाला तेव्हा ३३.७५ टक्के, आणखी वर गेला तर ३९.३५ टक्के. तोच पैसा, कंपनी रीतसर गुंडाळून, भांडवल परत आलं म्हणून आणला तर तेव्हा १० टक्के. त्यातले पहिले तीन हजार तर माफच. ही सवलत तिथे २००८ साली उद्योजकांसाठी म्हणून काढली. तेव्हा नावातच 'उद्योजक' होता. २०२० मध्ये आयुष्यभराची मर्यादा एक कोटी पौंडांवरून दहा लाखांवर आणली आणि नावातून उद्योजकही काढला. आता नुसती 'धंद्याची मालमत्ता विकल्याची सवलत'. मर्यादा कापली तेव्हा मान गेला, हे आपल्याकडच्या जावयांसारखंच.

अटी अर्थातच आहेत. कंपनी खरोखर धंदा करणारी हवी. किमान पाच टक्के हिस्सा हवा. माणूस कंपनीत पदावर किंवा नोकरीत हवा. हे सगळं दोन वर्षं सलग. आणि धंदा थांबल्यापासून तीन वर्षांच्या आत पैसे वाटले गेले पाहिजेत. इथवर ऐकून अक्का म्हणाली, "हे हिरण्यकश्यपूच्या वरासारखंच हाय की."

मला आधी हसू आलं, मग आलं नाही. खरंच, जगातला पहिला करसल्लागार हिरण्यकश्यपूच म्हणायला हवा. त्याने अर्ज केला तो पाहा: दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, जमिनीवर नको, आकाशात नको, अस्त्राने नको, शस्त्राने नको. एकही पोटकलम सुटलेलं नाही. आजचा कुठलाही चार्टर्ड अकाउंटंट हा मसुदा वाचून मान डोलावेल. आणि तरी संध्याकाळी उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी, सगळ्या अटी पाळून काम झालं. त्याने परिभाषा पाठ केली होती, अन्वयार्थ करणारा मात्र खांबात बसला होता.

पुतण्याला हे फार रुचलं नाही. त्याचा वर कायदेशीर होता.

पण वराला मुदत होती. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात तिथल्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी जाहीर केलं, की ६ एप्रिल २०२५ पासून दहाचे चौदा आणि ६ एप्रिल २०२६ पासून अठरा. म्हणजे पैसे ५ एप्रिलच्या आत हातात पडायला हवेत. हे ५ एप्रिल काय प्रकरण, असं घरात सगळ्यांनी विचारलं. पंचांगाचा विषय निघाला की आमचं घर जागं होतं. इंग्रजांनी १७५२ साली पंचांग बदललं तेव्हा मधले अकरा दिवस गायब झाले. लोकांना ते गेले. करखात्याने मात्र आपलं वर्ष अकरा दिवसांनी पुढे ढकललं आणि एकही दिवस सोडला नाही. क्षयतिथीचाही कर घेणारं खातं, यावर आमच्या हिने कौतुकाने मान हलवली.

तर पुतण्याने तिकडे, लंडनच्या गारठ्यात, मनातल्या मनात पोखर्णीकडे तोंड करून नवस केला: पाच एप्रिलच्या आत पैसे हातात पडू देत, वाचलेल्या कराचा शंभरावा हिस्सा तुझा.

आता कंपनी मरते कशी ते ऐका. खात्यात पैसे थोडे असतील, पंचवीस हजार पौंडांच्या आत, तर एक अर्ज भरून नाव खोडून घेता येतं. पण पंचवीस हजारांवर एक पौंड गेला, की नुसता तो पौंड नाही, अख्खी रक्कम लाभांश. मग सवलत हवी असेल तर लिक्विडेटर आणावा लागतो. आणि हा लिक्विडेटर कोण, तर परवानाधारक दिवाळखोरी-तज्ज्ञ! धडधाकट माणसाने आपण धडधाकट आहोत हे सांगायला किरवंताला बोलवावं, तसं. आधी संचालकाने, म्हणजे आमच्या पुतण्याने, शपथेवर लिहून द्यायचं, की मी हिशेब तपासला, कंपनी बारा महिन्यांच्या आत सगळी देणी व्याजासकट फेडू शकते. हे पुरेशा आधाराशिवाय लिहून दिलं तर गुन्हा. मग सभासदांची सभा, म्हणजे पुन्हा तोच पुतण्या, आणि ठराव. मग 'गॅझेट'मध्ये जाहिरात. हे गॅझेट १६६५ पासून निघतं. कोणाचं काही येणं असेल तर कळवा, अशी त्यात सूचना. ही सूचना त्याने फोनवर दाखवली तेव्हा अक्काने हात जोडले. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी कोणीतरी हेच विचारतो, फक्त तिथे चहाची उधारी असलेला माणूस मान खाली घालतो.

"अन् काही पैसे खात्यात विसरून राहिले तर?"

"कंपनीचं नाव पुसलं की उरलेलं राजाचं," पुतण्या म्हणाला. "बेवारस मालमत्ता." लँकेस्टर आणि कॉर्नवॉल या भागांत तर ती तिथल्या तिथल्या जहागिरीकडे जाते. अक्काला यात नवल वाटलं नाही. तिचा जन्म निजामाच्या राज्यातला.

लिक्विडेटरने फी अडीच हजार पौंड घेतली आणि २० मार्चला पैसे वाटले, म्हणजे एकाच माणसाला सगळे दिले. पुतण्याने आनंदाने लगेच दुसरी कंपनी काढायची का, असं सल्लागाराला विचारलं, तर तो खुर्चीतून उठलाच. कारण २०१६ पासून एक नियम आहे. कंपनी अशी गुंडाळून भांडवली दराने पैसे घ्यायचे आणि दोन वर्षांत पुन्हा तोच धंदा करायचा, आणि हे मुख्यतः कर वाचवण्यासाठी आहे असं दिसलं, तर सगळी रक्कम परत लाभांश धरायची. स्वतः नाही, बायकोच्या नावाने केला तरी. राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याला आवर घालायला हा नियम.

"म्हणजे दोन वर्षं सुतक," अक्का म्हणाली.

"हो, तसंच."

"भावकीला बी लागतं?"

"बायकोला, मुलांना, भावाला... जवळच्या नात्यातल्यांनासुद्धा."

"मंग सुतकच."

इतक्या वर्षांत मी आयकराच्या नियमाचं इतकं चपखल भाषांतर कुठे वाचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही परळीकडे जाणाऱ्या गाडीने निघालो. पोखर्णीच्या स्टेशनाच्या नावातच देव आहे, 'पोखर्णी नृसिंह', त्यामुळे तिकीट काढतानाच अर्धी यात्रा होते. गाडीत आमच्या ओळखीचे एक सीए भेटले. निवृत्त आहेत, पण निवृत्तीनंतर माणसं गाडीत जास्त सापडतात. पुतण्याने त्यांना विचारलं, "आपल्याकडे अशी सवलत आहे का हो?"

सीएंनी चष्मा पुसला. आपल्याकडे, ते म्हणाले, तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात कंपनी गुंडाळताना भागधारकाला जे मिळतं त्याचे दोन तुकडे करतात. कंपनीचा जेवढा नफा साठला असेल तेवढ्या रकमेपर्यंत तो लाभांश मानायचा, आणि २०२० पासून लाभांशावर भागधारकाच्याच दराने कर. त्यापलीकडे जे उरेल ते भांडवली नफा. शेअर दोन वर्षांहून जुने असतील तर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के. कंपनीने मालमत्ता जशीच्या तशी भागधारकांना वाटली तर कंपनीला मात्र कर नाही, एवढा दिलासा.

"म्हणजे वरचा अर्धा सिंह," मी म्हणालो, "आणि खालचा माणूस."

"बरोबर. तुमच्या भाच्यासारख्यांचा पैसा बहुतेक वरच्या अर्ध्यात बसतो."

पुतण्याला भाचा म्हटलं हे मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गाडीतल्या सल्ल्याला फी नसते, नाती चुकणारच.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढच्या हिशेबाची. आपल्याकडे पंधरा लाखांपर्यंतच्या भांडवलाची कंपनी नोंदवायला सरकार फी घेत नाही, मुद्रांक वगैरे सोडून. तीच कंपनी दोन वर्षं धंदा न करता पडून असेल आणि नाव खोडून घ्यायचं असेल, तर अर्जाला दहा हजार रुपये. शिवाय देणी नाहीत असा जबाब, शपथपत्र, नुकसानभरपाईचं बंधपत्र, आणि बँकेचं खातं बंद. जन्म फुकट, मरणाला दहा हजार. हे अर्ज २०२३ पासून देशभरातून मानेसरच्या एका केंद्रात जातात. मानेसर ही काही काशी नव्हे, पण कंपन्यांना मोक्ष आता तिथूनच. आणि पैसे असलेली कंपनी रीतसर गुंडाळायची तर २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत कलम ५९ आहे. इथेही धडधाकट कंपनीला दिवाळखोरीच्याच कायद्यात जाऊन 'मी दिवाळखोर नाही' म्हणावं लागतं. या बाबतीत लंडन आणि परभणी यांत फरक नाही.

पोखर्णीत उतरल्यावर एका टपरीवर चहा घेतला. पुतण्याच्या बुटांवरून तो परदेशी आहे हे कळायला वेळ लागला नाही, आणि तो का आला हेही अक्काने पाच मिनिटांत सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ सरकून जवळ आले. "आमची बी लिमिटेड कंपनी हाय," ते म्हणाले.

शेजारच्या गावातली शेतकरी उत्पादक कंपनी. हे कायद्यातलं रूप २००३ पासून आहे: दहा शेतकरी एकत्र आले की नावापुढे 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' लावता येतं. २०२० मध्ये केंद्राने अशा दहा हजार संस्था उभ्या करायची योजना काढली, आणि त्यात सभासदाने टाकलेल्या भांडवलाला दोन हजार रुपयांपर्यंत तेवढीच भर, संस्थेला पंधरा लाखांपर्यंत. महाराष्ट्र तर या कंपन्यांचं माहेरघर. गृहस्थांच्या कंपनीचे दहा संचालक होते, त्यांतले सहा एकमेकांचे साडू, दोन व्याही. मालमत्ता म्हणजे सोयाबीन चाळायचं एक यंत्र, एक वजनकाटा आणि बँकेत थोडे पैसे. आता कोणालाच वेळ नव्हता. कंपनी बंद करावी असं चाललं होतं.

"सरकारनं सवलत दिली होती म्हणे," ते म्हणाले.

दिली होती. २०१८ च्या अर्थसंकल्पात शंभर कोटींच्या आत उलाढाल असलेल्या उत्पादक कंपन्यांना ठराविक वर्षांसाठी नफ्यावर शंभर टक्के वजावट. "नफा मात्र आपला आपण आणायचा होता," मी सांगितलं.

"ते राहिलं." त्यांनी बशीतला चहा संपवला. "अन् बंद केली तर?"

मी सीएंकडे पाहिलं. ते गाडीतून उतरलेलेच नव्हते, परळीला गेले. मग पुतण्यानेच उत्तर दिलं. साठलेला नफा नसेल तर लाभांश मानला जाणार नाही. शेअरला घातले तेवढे किंवा त्याहून कमीच परत मिळाले तर भांडवली नफाही नाही. म्हणजे करच नाही.

गृहस्थ थोडा वेळ हिशेब करत बसले. मग त्यांनी पुतण्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला आपल्या दहा टक्क्यांची लाज वाटावी. "तुमाला दहा टक्के लागले," ते म्हणाले, "आमाला शून्य. सवलत आमचीच मोठी."

आणि शेतीच्या उत्पन्नावर तर आयकर मुळातच नाही, हे त्यांनी जाता जाता सांगितलं, माझं शेत बघायला चला म्हटल्यासारखं.

देवळात गर्दी कमी होती. दर्शन झालं. पुतण्याने पाकीट काढलं, थोडा हिशेब मनात केला आणि चाळीस पौंडांचे होतील इतके रुपये पेटीत टाकले. अक्का बघतच होती.

"एवढेच?"

"आत्या, वाचलेल्या कराचा शंभरावा हिस्सा कबूल केला होता. पाच एप्रिलनंतर चौदा टक्के पडले असते. मी दहा भरले. वाचले जवळपास चार हजार. त्याचा शंभरावा हिस्सा चाळीस."

"अन् कंपनी न गुंडाळता घेतले असते तर?"

"ते... लाभांश झाला असता. पण नवस पाच एप्रिलचा होता, लाभांशाचा नव्हता. तुलना चौदाशीच करायची."

"ते चौतीस की एकोणचाळीस, जे काय असतील ते, वाचले ना?"

"तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर..."

अक्काने त्याचा दंड धरून त्याला अर्धं वळवलं. "त्या खांबाकडं बघ," ती म्हणाली, "अन् मंग बोल."

त्याने खांबाकडे पाहिलं. दगडी, थंड, तेलाने काळा पडलेला खांब. बाहेर ऊन उतरत होतं, आणि आम्ही नेमके उंबरठ्यावर उभे होतो.

पुतण्याने पाकीट पुन्हा उघडलं. लिक्विडेटरची फी वजा केली तर चालेल का, एवढंच त्याने हळू आवाजात विचारलं.